लाल रंगवलेल्या स्प्रिंगा

सेलूसारख्या गावात दोन सीटची स्पोर्ट्स कार घेणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर लोकांनी आपल्याकडे पाहावं म्हणून हपापलेला असतो. मी वेडा नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगायचं आहे ते आजवर मी कुणालाच धड सांगितलेलं नाही. बायकोला बरंचसं माहीत आहे, पण तेही माझ्या तोंडून नाही.

दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. बाजारओळीत आमचं हार्डवेअरचं दुकान. खिळे, बिजागऱ्या, नळाच्या तोट्या, ऑइलपेंट. वडील गल्ल्यावरून उठले होते अन् मी बसलो होतो. नागपूरच्या एका डॉक्टरच्या पोराला परदेशी जायचं होतं आणि त्याची लाल, छप्पर उघडणारी गाडी त्याला घाईनं विकायची होती. मी गेलो होतो दुकानाचा माल आणायला, आलो गाडी घेऊन. वडिलांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली अन् विचारलं, "अन् बाकीचे कुठी बसतीन?" आम्ही घरात सहा जण होतो. मी हसून वेळ मारून नेली.

पहिला महिना काय मिजास होती माझी, काय सांगू! चौकात पानाच्या टपरीपाशी गाडी लावायची, चावी बोटात फिरवत उभं राहायचं. कुणी विचारलं, "शेट, किती पळते?" की मी नुसता हसायचो, जणू आकडा सांगितला तर त्याला झोप येणार नाही. खरं म्हणजे आमच्याकडच्या रस्त्यांवर ती चाळीसच्या वर पळूच शकत नव्हती. जमिनीला टेकलेली गाडी, अन् हिंगणीकडे जाणारा रस्ता तुम्ही तेव्हा पाहिला असता तर तुम्हीच हात जोडले असते. दुसऱ्या महिन्यात तिचे शॉकअप गळायला लागले, स्प्रिंगा बसल्या. खड्डा आला की खालून खाडकन आवाज यायचा अन् तो थेट माझ्या मणक्यात जायचा.

गाडी घेऊन मी मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्री म्हणजे माझा शाळेतला सोबती. चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर. तो बौद्ध वस्तीतला, त्याचे वडील दुसऱ्याच्या शेतावर वर्षाच्या बोलीनं राबणारे सालदार, मी बाजारओळीतला. दहावीनंतर तो आयटीआयला गेला, वर्धेला एका गॅरेजात बरीच वर्षं राबला अन् मग गावात येऊन स्वतःचं काम सुरू केलं. हात असा की नुसत्या आवाजावरून रोग सांगायचा. स्वभाव मात्र एककल्ली. त्याचा एक नियम होता: गिऱ्हाइकानं आणलेलं सामान तो लावत नसे. "सामान मी आणंन, जबाबदारी माही," म्हणायचा. "तुम्ही कुठून काय उचलून आणसान, मले काय मालूम?" यामुळं कितीतरी गिऱ्हाइकं फुगून निघून जायची. याला त्याचं काही वाटत नसे.

गाडीखाली शिरून बाहेर आला अन् हात पुसत म्हणाला, "दोन रस्ते आहेत. कंपनीचं सामान मागवजो, महाग पडते, दोन महिने लागतीन. नाईतं साध्या गाडीचे शॉकअप अन् स्प्रिंगा बसतेत याले. स्वस्त आहे, मजबूत आहे, आपल्या रस्त्याले चांगलं आहे. फक्त गाडी चार बोटं वर येईन."

"वर म्हणजे?"

"उंच दिसंन जराशी. काय होते त्याले?"

काय होते म्हणे! ती चार बोटं माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. स्पोर्ट्स कार अन् बोकडासारखी पाय ताणून उभी? चौकातली टपरी मला आधीच हसताना ऐकू येत होती. मी त्याला विचारलं, "अन् साधीच स्प्रिंग आणून कापली तर? एखादा वेढा कमी केला, तर बसंन ना गाडी खाली?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी खुळचट काहीतरी बोललोय. "कापलेली स्प्रिंग मी लावत नाई बे. माणसं बसतेत त्या गाडीत."

इथं थांबायला पाहिजे होतं. साधा सल्ला होता, फुकटचा होता, अन् देणारा त्यातला जाणता होता. पण मी नागपूरला गेलो. मोटारीच्या सामानाच्या बाजारात एका दुकानदारानं मला स्पोर्ट्स किट दाखवलं. लाल स्प्रिंगा, पिवळे शॉकअप, खोक्यावर परदेशी गाडीचं चित्र. किंमत ऐकली अन् मी खोकं हळूच काउंटरवर परत ठेवलं. त्याच्या नोकरानं माझं तोंड पाहिलं असेल. बाहेर येऊन म्हणाला, "भैया, सादा स्प्रिंग ले लो, डेढ़ राउंड काट दो, ऊपर से लाल पेंट मार दो. किसको समझता है?" मला तो देवासारखा भेटला. साधे शॉकअप घेतले, साध्या स्प्रिंगा घेतल्या, पोत्यात घातल्या अन् एसटीत पायाशी ठेवून घरी आलो.

आता कापायच्या कुणाकडून? मिस्त्री तर कापणार नाही. गावातला वेल्डिंगवाला मिस्त्रीचा चहाचा दोस्त, संध्याकाळपर्यंत बातमी पोचली असती. म्हणून मी लोहाराकडे गेलो. म्हातारा लोहार, पिढीजात. नांगराचे फाळ, वखराच्या लोखंडी पासी, विळे-कुऱ्हाडी यावर सगळा त्याचा धंदा. त्याचा भाता, ऐरण अन् पाण्याची दगडी कुंडी कडुलिंबाखाली मांडलेली असायची. त्यानं स्प्रिंग हातात घेऊन उलटीपालटी केली.

"हे मोटारीचं काम मले समजत नाई बाप्पा. मिस्त्रीले विचारलं काय?"

"विचारलं," मी म्हणालो.

त्यानं दीड वेढा कापला. कापलेलं टोक खाली नीट बसावं म्हणून भट्टीत लाल करून चपटं ठोकलं. चारही स्प्रिंगा झाल्या. मग कोळशावरची एक चिमट्यात धरून म्हणाला, "पाणी पाजू काय याले? वखराच्या पासीले पाजतो तसं?"

आमच्याकडे हे कुणालाही माहीत असतं. लोखंड लाल करून कुंडीत बुडवलं, चर्र झालं, की त्याला धार टिकते, ते जमिनीत झिजत नाही. पाणी न पाजलेली पास शेतकरी घेतच नाही, परत आणून देतो. मी जन्मभर वखरं-फाळ विकणाऱ्यांच्या शेजारी दुकान चालवलेला माणूस. मला वाटलं जे पासीला चांगलं ते स्प्रिंगलाही चांगलंच असणार. मोठ्या जाणकारासारखा म्हणालो, "पाजा, पाजा. पुरी स्प्रिंगच गरम करून पाजा." म्हाताऱ्यानं मनापासून काम केलं. चारही स्प्रिंगा कुंडीत चर्र चर्र करत बुडाल्या अन् मी तिथं उकिडवा बसून कौतुकानं पाहत होतो.

घरी येऊन दुकानातला लाल ऑइलपेंटचा डबा फोडला. दोन हात दिले. अंगणात कपडे वाळवायच्या तारेवर स्प्रिंगा टांगल्या. बायको धुणं घेऊन आली तर तारेवर जागा नाही. "हे काय लावलंय तुम्ही?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "स्पोर्टच्या आहेत." ती म्हणाली, "मग रंग काऊन मारून राह्यले?" बाईमाणसाला गाडीतलं काय कळतं, असं काहीतरी मी बोललो. तिला सगळ्यांत आधी कळलं होतं.

दोन दिवसांनी त्या मिस्त्रीकडे नेल्या. आता खोटं बोलायची वेळ आली, अन् मला अडखळायलाही झालं नाही. "नागपूरहून स्पोर्टचा सेट आणला. खोकं तिथंच टाकलं, एसटीत जागा नव्हती." त्यानं एक स्प्रिंग तळहातावर तोलली. टोकाकडं पाहिलं.

"ही शेवटाले अशी चपटी काऊन आहे?"

"स्पोर्टची तशीच येते."

"कापलेली तं नाई ना बे?"

"अबे, मी काय तुले खोटं सांगंन?"

त्यानं स्प्रिंग खाली ठेवली. मग म्हणाला, "मी कोणाचं आणलेलं लावत नाई, तुले माहीत आहे. तू आणली म्हणून लावतो." अन् लावली. दुपारभर गाडीखाली घामाघूम होऊन एकेक बोल्ट स्वतःच्या हातानं आवळला. गाडी खाली आली तेव्हा काय दिसत होती म्हणता! चाकाच्या वर दोन बोटंच फट, आत लाल स्प्रिंग चमकतेय. चालवताना हाडं खिळखिळी व्हायची, पण चालवणाऱ्याकडे कोण पाहतं?

आता त्या वेळी मिस्त्रीच्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगतो, कारण खरी गोष्ट तीच आहे. हिंगणीच्या बाजूला एक निवासी शाळा होती. तिच्या पाच गाड्या. दोन मिनीबस, तीन जीप. त्यांचं वर्षभराचं दुरुस्तीचं काम द्यायचं होतं. गावातल्या मिस्त्रीला असं काम मिळालं तर त्याचं आयुष्य मार्गी लागतं. त्यानं त्या भरवशावर फाट्यावर मोठी शेड घेतली होती. पोरीला वर्धेच्या चांगल्या शाळेत घालायचं ठरवलं होतं. शाळेचे सचिव आमच्या वडिलांचे जुने स्नेही, बाजारओळीतलेच. मिस्त्रीनं मला कधी "शब्द टाक" म्हटलं नाही. मीच म्हणालो होतो, "तू पाह्य नं, मी करून देतो तुहं काम." असं म्हणताना फार बरं वाटतं माणसाला.

अन् मी खरंच गेलो सचिवांकडे. एका सकाळी त्यांना म्हटलं, "काका, चला, शाळेत सोडतो तुम्हाला. गाडी पाहा मिस्त्रीच्या हातची." ते हौसेनं बसले. वाटेत मी मिस्त्रीचीच तारीफ करत होतो. इमानदार आहे, हातात जादू आहे, पाहा ना ही गाडी कशी केली त्यानं. सचिव माना डोलावत होते. म्हणाले, "करू मग त्यालाच पक्कं." मी खूश झालो अन् जरा जोरात हाणली.

कालव्याच्या पुलाच्या अलीकडे एक खड्डा होता. रोजचाच. त्यात चाक आपटलं अन् बंदुकीसारखा आवाज झाला. डावीकडची पुढची स्प्रिंग तुटली, तिचा तुकडा टायरात घुसला, स्टिअरिंग माझ्या हातातून हिसकलं गेलं. गाडी रस्ता सोडून खाली उतरली अन् पऱ्हाटीच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या मातीत आदळली. मला खरचटलंही नाही. सचिवांच्या खांद्याचं हाड मोडलं. ते "अरे देवा, अरे देवा" म्हणत होते अन् मी पहिल्यांदा काय केलं असेल? गाडीच्या खाली वाकून पाहिलं, लाल स्प्रिंग कुणाला दिसते का ते.

त्यांना वर्धेच्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा मिस्त्री आधीच तिथं येऊन उभा होता, हातात केळ्यांची पिशवी. हात गळ्यात बांधलेले सचिव पलंगावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं,

"गाडीचं काम याच्याच हातचं ना?"

मिस्त्री म्हणाला, "साहेब, सामान तं यायनंच..."

सचिवांनी चांगला हात वर केला. "मी त्याला विचारतोय."

सगळी खोली माझ्याकडे पाहायला लागली. मी म्हणालो, "हो. याच्याच हातचं."

"स्प्रिंग यानंच लावली?"

"हो, यानंच लावली."

यातला एकेक शब्द खरा होता. म्हणून तर तो इतक्या सहज आला. मिस्त्री माझ्या तोंडाकडे पाहत राहिला, पुढच्या वाक्याची वाट पाहत. स्प्रिंग मी आणली होती, एवढंच तर वाक्य होतं. त्याला तेव्हा कापल्याचं ठाऊकही नव्हतं. सामान माझं होतं एवढं मी म्हणावं, इतकीच त्याची अपेक्षा होती. मी सचिवांना विचारलं, "काका, पाणी देऊ का?" अन् तांब्या उचलला. तांब्यात पाणी नव्हतं, ते आणायच्या निमित्तानं मी बाहेर पडलो तो नळापाशी बराच वेळ उभा राहिलो. परत आलो तेव्हा मिस्त्री गेला होता. केळ्यांची पिशवी खुर्चीवर होती.

मोडकी गाडी ट्रॅक्टरनं ओढून त्याच्याच शेडवर नेली होती, दुसरीकडे कुठं नेणार? चार दिवसांनी तो दुकानात आला. ऐन दुपार, गिऱ्हाईक कुणी नव्हतं. बायको आत पोळ्या करत होती. त्यानं काउंटरवर स्प्रिंगचे दोन तुकडे ठेवले. लाल रंग जागोजागी खरवडलेला, खाली काळं-निळं लोखंड.

"पाणी पाजून आणली," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "वखराची पास जमिनीत चालते, तिले पाणी लागते. स्प्रिंगले दबायचं असते बे, दबून वर यायचं असते. पाणी पाजलं का ते काचेवानी होते. तुले मी विचारलं होतं, कापलेली तं नाई ना. विचारलं होतं का नाई?"

मी खाली मान घालून बिजागऱ्यांचं खोकं सरळ करत राहिलो.

"तुले लाज नाई वाटली?"

वाटत होती. तेव्हाही वाटत होती. पण लाज वाटली म्हणून माणूस खरं बोलतोच असं नाही. मला तर जितकी लाज वाटे तितकं तोंड जास्त घट्ट मिटे. शेवटी तोच म्हणाला, "मंगळवारी चार वाजता सचिव साहेब माह्या शेडवर येऊन राह्यले. तू येजो. एवढंच सांगजो का स्प्रिंग तू कापून आणली. मी तुले काई म्हणणार नाई, लोकायले काई सांगणार नाई. येशीन ना?"

"येतो," मी म्हणालो.

"नक्की?"

"अरे येतो म्हटलं ना."

तो गेला. आतून बायको पीठ लागलेल्या हातानंच बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "जा तुम्ही मंगळवारी," एवढंच म्हणाली.

मंगळवारी मी साडेतीन वाजता चपला घातल्या. शेड दुकानापासून पायी पंधरा मिनिटं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक नळाचं वायसर मागायला आलं. वायसर द्यायला किती वेळ लागतो? मी त्याला चार प्रकारची दाखवली, रबराचं चांगलं की चामड्याचं यावर भाषण दिलं. तो वैतागून एक घेऊन निघून गेला. मग मला आठवलं की कडी-कोयंड्यांचा माल लावायचा राहिलाय. मग वाटलं, वडील झोपेतून उठले तर दुकानात कुणी नको का? बायको दारात उभी होती. म्हणाली, "मी बसते दुकानात. कोणी धरून ठेवलं तुम्हाला?" मी तिच्यावरच खेकसलो. ती आत निघून गेली अन् पुढं कितीतरी दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली.

मनात मी काय हिशोब मांडत होतो तेही सांगून टाकतो. कबूल केलं तर सचिव म्हणतील, या मूर्खानं माझा खांदा मोडला. बाजारओळीत तोंड कसं दाखवणार? वडिलांचं नाव जाईल. अन् मिस्त्री? तो कामाचा माणूस आहे, त्याला काय, दुसरं काम मिळेल. आवाज चढवून तो मला बोललेला नाही, याचा अर्थ तो लोकांनाही सांगणार नाही, दोस्ती पाळेल. त्याच्या चांगुलपणाचाच मी आडोसा केला. पाच वाजले. साडेपाच झाले. आता जाऊन उपयोग नाही, सचिव निघून गेले असतील, असं म्हणून मी चपला काढल्या. सुटल्यासारखं वाटलं मला. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी खरंच सुटल्यासारखं वाटलं.

शाळेचं काम वर्धेच्या एका मोठ्या गॅरेजला गेलं. गावात पसरलं की मिस्त्रीच्या हातची गाडी रस्त्यात मोडली. एखाद्या मिस्त्रीबद्दल असं एकदा पसरलं की लोक भांडायला येत नाहीत, नुसते यायचे थांबतात. जो माणूस परक्याचं सामान लावायला नकार द्यायचा त्याच्यावर भलतं सामान लावल्याचा ठपका बसला. वर्षभरात फाट्यावरची शेड बंद झाली अन् तो बायको-पोरीला घेऊन नागपूरकडे निघून गेला. चौकात विषय निघाला की मी म्हणायचो, "त्याले चांगली नोकरी लागली तिकडं." लाल गाडी मी भंगारात काढली. सचिव दोन-तीन वर्षांनी वारले. त्यांच्या अंत्ययात्रेला मी खांदा दिला.

पुढं घरात साधी, चार दरवाज्यांची गाडी आली. तिची सर्व्हिसिंग नागपूरला एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये व्हायची. तिथं काचेच्या अलीकडे बसून चहा प्यायचा अन् पलीकडे आपली गाडी वर उचललेली पाहायची. एकदा असाच बसलो होतो अन् राखाडी युनिफॉर्ममधला एक माणूस हातात कागद अडकवलेली पाटी घेऊन आला. केस पांढरे झालेले, छातीवर बिल्ला.

"सर, गाडी तयार आहे," तो म्हणाला. मग मला ओळखलं. तरी पुन्हा म्हणाला, "या सर, दाखवतो."

त्याच्या तोंडचा तो 'सर' मला सहन होईना. गाडीपाशी गेलो, आजूबाजूला कुणी नव्हतं. इतकी वर्षं जे घशात होतं ते एकदम बाहेर आलं. "माही चूक होती. ती स्प्रिंग मीच कापून आणली होती. मी तेव्हा यायला पाहिजे होतं. मले माफ कर."

"मालूम आहे," तो म्हणाला अन् बॉनेट उचलून ऑइलची काडी पुसू लागला.

माझा निर्लज्जपणा पाहा, मला त्यातही त्याच्याकडून थोडी सुटका हवी होती. थोडा दोष त्यानंही वाटून घ्यावा असं वाटत होतं. म्हणून मी विचारलं, "पण तू का नाई सांगतलं सचिवायले? तू सांगतलं असतं तं..."

तो काडी हातात धरून माझ्याकडे पाहू लागला. त्याला नवल वाटलं होतं, राग नव्हता आला.

"सांगतलं होतं ना," तो म्हणाला. "तुह्या दुकानात येण्याच्या आधीच गेलतो त्यायच्या घरी. लोहार बुढ्यालेबी संग घेऊन गेलतो. त्यानंबी सांगतलं, शेट स्वतः बसून कापून घेऊन गेले म्हणून. सचिव म्हणले, तो चांगल्या घरचा पोरगा आहे, आपल्यातला आहे, तो असं करणार नाई. तुम्ही दोघं मिळून त्याच्यावर ढकलून राह्यले." त्यानं काडी परत आत घातली. "आमचं ऐकत नव्हते ते. म्हणून तं तुले बोलावलं होतं. तुहं एकट्याचं ऐकलं असतं त्यायनं."

इतकी वर्षं मी समजत होतो की तो माझ्यासाठी गप्प राहिला.

"सहा वाजेपर्यंत बसले होते ते शेडवर," तो म्हणाला. "मीच थांबवून ठेवलं. म्हटलं, येते तो, दुकानात गिऱ्हाईक आलं असंन."

पलीकडून कुणीतरी त्याला हाक मारली. त्यानं बॉनेट खाली आणून हलक्या हातानं दाबलं, पाटीवरचा कागद माझ्यापुढं धरला अन् पेन दिला.

"इथं सही करा सर. काम बरोबर झालं म्हणून."

मी केली.